पाचव्या भागात तो उठत नाही

माझी वहिनी अंजना दुपारचं जेवण झालं की ओसरीत वांग्यांचा ढीग ओतायची, मोबाईल पाटीला टेकवून उभा करायची आणि माझ्या भावाला मरताना पाहायची. वांगी निवडायला डोळे लागत नाहीत, हाताला कळतं, असं तिचं म्हणणं. एक नंबर इकडे, दोन नंबर तिकडे, किडकी बकरीला. मोबाईलवर लोखंडी मुखवट्यातला माणूस कुणाच्या तरी पोटात तापलेली सळई खुपसत असायचा आणि ही म्हणायची, "मार, मार. तुही पाळी येऊनच राह्यली."

'भट्टीवाला' नावाची ही हिंदी सिनेमांची मालिका. आठ भाग निघाले. वीटभट्टीत जळून मेलेला एक मजूर उठतो आणि दिसेल त्याला मारत सुटतो. मग त्याला कुणीतरी मारतं आणि अगदी शेवटी त्याचं बोट हलतं, म्हणजे पुढचा भाग काढायला हे लोक मोकळे. कथा म्हणावी असं त्यात काहीही नाही. पण आमच्या वऱ्हाडातल्या मालेगावातली अर्धी पोरं त्यावर जीव टाकतात, कारण पहिल्या पाच भागांत त्या मुखवट्यामागे आमच्याच गावचा माणूस आहे. शालिकराम. माझा सख्खा मोठा भाऊ.

तो गेला तेव्हा त्याची सुचिता रांगत होती. टमाट्याचा टेम्पो घेऊन कल्याणच्या बाजारात गेला. टेम्पो परत आला, हा आला नाही. ड्रायव्हर म्हणाला, "त्याले सिनेमात काम भेटलं म्हने." आमची आई वाट पाहत पाहत गेली. सुचिता मोठी झाली, धनज गावी दिली, तिचं कन्यादान माझ्या नवऱ्यानं केलं. इतक्या वर्षांत फोन नाही, निरोप नाही. बागेला पाणी देणं, भाजी तोडणं, पहाटे बाजारात नेणं, सगळं वहिनीच्या एकटीच्या माथी. अशा माणसाला मी भाऊ म्हणते ते केवळ नातं खोडता येत नाही म्हणून.

त्याला ओळखलं तेही वहिनीनंच. ती सतीशच्या मोबाईलच्या दुकानात रिचार्ज मारायला गेली होती. दुकानातल्या टीव्हीवर हाच सिनेमा चालू. भट्टीवाला एका बंगल्याच्या दारात थांबला, उजव्या पायाचा तळवा त्यानं डाव्या पोटरीला घासला आणि मग आत गेला. सतीश म्हणाला, "पाह्य काकू, मर्डर कराच्या आंधी पाय पुसते हा. काय स्टाईल हाय!"

वहिनी तिथल्याच स्टुलावर खाली बसली. ती कसली स्टाईल? ती तिची शिस्त होती. नवी नवरी होती तेव्हापासून बागेतून आलेल्या दादाला ती दारातच अडवायची, "पाय पुसा न मंग या आत." दादा महाआळशी. पायपुसणं दोन हातांवर पडलेलं असलं तरी तिथवर जायचा नाही. तळवा पोटरीला घासायचा की झालं. बायकोला सोडून गेला, पण तिनं लावलेली सवय अंगातच राहिली, आणि लोकांनी ती खुन्याची अदा म्हणून डोक्यावर घेतली. त्याच दिवशी वहिनीनं सतीशकडून सगळे भाग मोबाईलमध्ये भरून घेतले.

तेव्हापासून तिचं हे चालू झालं. आठवा संपला की पुन्हा पहिला. आणि दरवेळी नंबर लावायचे. सतीशही नंबर लावतो, त्याचं त्यावर चॅनेल आहे म्हणे. ज्यात मुडदे जास्त तो भाग वरचा, एवढीच त्याची अक्कल. वहिनीची रीत वेगळी. भट्टीवाला किती वाईट मरतो, त्यावर नंबर.

पहिल्या भागात त्याला गोळी लागते. "लगेच मेला. याले मरन म्हन्ते काय?" म्हणून चौथा नंबर. दुसऱ्यात विजेचा शॉक बसतो, जरा तडफडतो, म्हणून तिसरा. चौथ्या भागात त्याला त्याच्याच भट्टीत कोंडतात, तो दोन नंबर. तिसरा भाग सतीशचा लाडका, पण वहिनीच्या लेखी बकरीला टाकायच्या लायकीचा, कारण त्यात हिरोईन त्याला मरता मरता माफ करते. "माफ? तिच्या बापाचं काय जाते माफ कराले?" सहा, सात आणि आठ ती धरायचीच नाही. त्यात मुखवट्यामागे दुसराच कुणी आहे. पाय पुसतो, पण बूट घालून, आणि तोही डावा. "हा नाही तो," म्हणायची आणि पुढं ढकलायची.

एक नंबर पाचवा. त्यात तो भट्टीच्या धुराड्यावरून खाली विटांच्या ढिगावर पडतो. डावा पाय अंगाखाली असा मुडपतो की पाहवत नाही. मुखवट्यातून "माय वं!" असं ओरडतो. हिंदी सिनेमात हे वऱ्हाडी ओरडणं कुणी काढून कसं टाकलं नाही, देव जाणे. ते ऐकलं की वहिनी मला म्हणायची, "खून करता माय याद नाही आली. पडला तवा आली." आणि आम्ही दोघी पोट धरून हसायचो. बाकीच्या भागांत शेवटी त्याचं बोट हलायच्या आधी ती मोबाईल पालथा घालायची. पाचव्यात घालावा लागायचा नाही. त्यात तो उठत नाही. पडला तो पडला.

मग या सतीशला अवदसा आठवली. चॅनेलवरून कुणाकुणाला विचारून त्यानं मुंबईत दादाला हुडकून काढलं आणि आम्हाला कुणालाही न विचारता मालेगावात आणलं. सत्कार करायला! शाल, नारळ, फटाक्याची लड, मागे पोट्ट्यांची फौज, आणि ही वरात थेट वहिनीच्या अंगणात. मी तिथेच होते. वहिनी वांगी निवडत होती. ती उठली नाही.

दादा काठीवर आला. केस पिकलेले, डावा पाय आखूड, तोंडावर ओशाळं हसू. त्याला पाहून मला कीव आली, आणि कीव आली म्हणून मला माझाच राग आला. पोरांनी त्याला खाटेवर बसवलं. सतीशनं मोबाईल वर धरला. "काकू, तुमी तं सगळे भाग पाह्यले. आज खुद्द भट्टीवाल्यासमोर सांगा, कोनता एक नंबर?"

वहिनीनं नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडे पाहून म्हणाली, "शीले, सांग त्याले. पाचवा."

दादा खूश झाला. "पाचवा? लोक तं तिसरा म्हन्तेत. पाचवा काहून?"

"सांग त्याले, त्यात हा उठत नाही."

पोरं फिदीफिदी हसली. दादा हसला नाही. काठीच्या मुठीवर अंगठा घासत बसला. मग म्हणाला, "उठनार होतो मी. बोट हलवाचंच होतं. पन कमरेचा दोर तुटला न पाय मोडला. ते वरडनं खरं होतं, शीला. त्याहीनं मले टेम्पोत घालून दवाखान्यात नेऊन टाकलं. शेवट घ्याचा राह्यला तो राह्यलाच. पाय वाकडा जुळला. मंग काम कोन देते? त्याहीच्याच गोदामात कपडे न मुखवटे राखत पडलो."

वहिनीचा हात थांबला. हातात एक वांगं होतं. ते कोणत्या ढिगात टाकायचं हे तिला ठरवता येईना, असं मी पहिल्यांदाच पाहिलं. शेवटी तिनं ते मांडीवरच ठेवलं.

"एवढं झालं तं घरी काहून नाही आला?" मी विचारलं.

"कोनत्या तोंडानं येऊ?"

"मुखवटे होते न तुह्याजोळ इतके. त्यातलंच एक घालून याचं."

तो काठी टेकत उठला आणि घराच्या दाराकडे निघाला, जणू बागेतून दमूनच आला होता. वहिनी त्याच्याआधी दारात पोचली. चौकट अडवून उभी राहिली आणि पहिल्यांदा थेट त्याच्याशी बोलली.

"पाय पुसा न मंग या आत."

पोरांनी शिट्ट्या मारल्या. भट्टीवाल्याची अदा डोळ्यांसमोर पाहायला मिळणार! सगळे मोबाईल वर झाले. दादानं काठी सतीशकडे दिली, एका हातानं चौकट धरली आणि उजवा पाय उचलला. डावा थरथरायला लागला. तळवा पोटरीपर्यंत पोचलाच नाही, पाय खाली आला. त्यानं परत उचलला. परत खाली आला. मग शिट्ट्या थांबल्या. वहिनी पापणी न लववता पाहत होती, मोबाईलकडे पाहायची तशीच. दादानं एकदा तिच्याकडे पाहिलं, पण तिथेच दाराशी पडलेल्या पायपुसण्याकडे मात्र त्याचं लक्ष गेलं नाही.

"शीले," वहिनी म्हणाली, "तुह्या भावाले घेऊन जाय." आणि दार लावलं.

मला वाटलं होतं, हे पाहून मला समाधान होईल. झालं नाही. मला दादाचा राग आला, वहिनीचाही आला, आणि सगळ्यात जास्त त्या सतीशचा, कारण तो अजूनही शूटिंग करत होता. त्याच्या हातचा मोबाईल हिसकून मी वांग्यांच्या ढिगात फेकला.

दादा आता माझ्याकडे, मागच्या खोलीत असतो. वहिनी रोज दुपारी वांगी निवडते, पण पाटीला मोबाईल टेकवलेला नसतो. परवा मी विचारलं, तर म्हणाली, "काढून टाकले सगळे."

"पाचवाही?"

"पाचवा आंधी."

त्या संध्याकाळी मी घरी आले तेव्हा दादानं विचारलं, "अंजना पाह्यते काय अजून?"

"नाही पाहत," मी सांगितलं.

त्याचा चेहरा उजळला. "म्हंजे राग गेला तिचा?"

"नाही, दादा. ते पाहे तवा तू रोज दुपारी तिच्या घरात तरी होता."