'बोलकी' नावाचा गांजा

लालबागच्या चौकीतली ती सकाळ इतक्या वर्षांनीही माझ्या मनातून गेलेली नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. बंदोबस्तावरून परतलेले शिपाई बाकांवरच डुलक्या घेत होते. डिलाईल रोडच्या चाळीतली एक मालवणी बाई आली आणि उभ्या उभ्या म्हणाली, "साहेब, माझो घोव मेलेल्या झिलाक ताट वाढता. 'बोलकी' ओढता तेवापासून."

तिचा नवरा गिरणीत साचेखात्यात, मागावर होता. त्यांचा तरुण मुलगा मोर्च्यावरच्या गोळीबारात गेला होता.

गिरणगावात गांजाच्या प्रतींना कापडाची नावं होती. बिया-काड्यांचा माल तो मांजरपाट, निवडलेल्या कळ्यांचा तो मलमल. 'बोलकी' मी प्रथमच ऐकत होतो. हे म्हणे झाडच वेगळं. ओढणाऱ्याशी त्याचं गेलेलं माणूस बोलतं.

दुपारी मी त्यांच्या खोलीत गेलो. तो भिंतीला टेकून बसला होता. बाहुल्या विस्फारलेल्या, ओठ कोरडे पडलेले. बोटं हवेतून न दिसणारे धागे वेचत होती. समोर भाताचं ताट. माझ्या गणवेशाकडे बघत तो शांतपणे म्हणाला, "साहेब, जरा सरका. तो तुमच्या मागं उभा आहे."

मागं कोणी नाही हे ठाऊक असूनही मी सरकलो.

त्याला परळच्या इस्पितळात पोचवलं. 'बोलकी' विकणारा एक मसाला कांडणारा निघाला. पंचांसमक्ष झडती घेतली, तिन्ही प्रतींच्या पुड्या जप्त करून तपासणीला धाडल्या. चौकशीत त्याचं एकच पालुपद होतं, "घाटातलं झाड आहे, साहेब. जातच वेगळी."

अहवाल आला. तिन्ही पुड्यांत गांजा एकच होता. 'बोलकी'त फक्त धोतऱ्याच्या बियांची पूड मिसळलेली होती; भास होतात ते तिनंच. अहवाल वाचून दाखवल्यावर तो विकणारा खाली बघून बोलू लागला.

"नाव मी नाही ठेवलं. साधा मांजरपाट ओढून एकाला त्याची गेलेली बायको बोलताना दिसली. मग सगळे 'बोलकी' मागायला लागले. तसलं झाड कुठं असतं? मग मीच बनवलं."

त्याला शिक्षा झाली. नाव आधी जन्मतं, माणसं त्याच्यामागे लागतात आणि मग कोणीतरी त्या नावाचं विष तयार करतं, हे मी त्या तपासात शिकलो.

साचेखात्यातला तो माणूस वाचला, पण त्या दिवसांतलं त्याला काहीच आठवेना. घरी सोडलं तेव्हा मी त्याला धोतऱ्याचं आणि त्या दुपारचं सगळं समजावून सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "तुम्ही होतात ना खोलीत? तो काय म्हणाला?"