बादशहा सापडला

जुम्म्याची नमाज पढून घरी आलो तेव्हा फातुमा रेडिओजवळ भिंतीला टेकून बसली होती. जेवायला वाढ म्हटलं, तर उठली नाही. मला वाटलं, ऐकतेय... तिला मातीत ठेवून चाळीस दिवस होऊन गेले. मी चौथी शिकलेला, सौदीत जेद्द्याच्या बंदरावर क्रेन चालवलेला माणूस. बायकोचं गुणगान मला जमणार नाही. एक गोष्ट तिने मला जन्मात सुनावली नाही, ती मीच लिहितो.

फातुमा इथिओपियाची. जेद्द्यात एका घरी स्वयंपाक करायची, तिथेच आमचा निकाह झाला. लोक तिला हबशी म्हणून हिणवत. मी म्हटलं, आमच्या मुरूडकडे समुद्रात किल्ला आहे, तिथले नवाबच हबशी होते. तुला सगळे सलाम करतील. सलाम कसला... सुट्टीत गावी आणलं तर बायका पदराआड हसल्या. तिचं मराठी माझ्याकडून शिकलेलं, मी बोलेन तसं बोलायची. ‘मी येतो’, ‘मी जातो’. मलाही सगळ्यांदेखत ‘तू’. मी कधी सुधारलं नाही. गोड वाटायचं.

तिच्या आजोबांनी तिला आपल्या देशाचे राजे पाठ करून दिले होते. पीठ मळताना म्हणायची. सुलेमान बादशहाला भेटायला गेलेली राणी, तिचा मुलगा, पैगंबरांच्या माणसांना आसरा देणारा नजाशी, अख्खा खडक कोरून चर्च उभारणारा, इटलीची फौज पळवून लावणारा. शेवटी म्हातारा बादशहा. त्याला त्याच्याच शिपायांनी कैद केलं, मारून कुठे पुरलं कुणालाच ठाऊक नाही. आणि त्याच्यामागे, त्याच दमात, धाकट्या भावाचं नाव घ्यायची... यासिन. त्या शिपायांच्या सरकारने पोराला घरातून ओढून लढाईवर नेलं होतं.

मग कुवेतचं युद्ध आलं. खिडक्यांना चिकटपट्ट्या लागल्या. सगळं जेद्दा कुवेत ऐकत होतं, फातुमा समुद्रापलीकडचं. तिथले बंडखोर शुक्रवारी दुपारी पकडलेल्या शिपायांची नावं रेडिओवर वाचत. ती रेडिओ कानाला लावून बसायची. एका शुक्रवारी मी बंदरावरून आलो तो डोकं फिरलेलाच. कफील, ज्याच्या हमीवर मी सौदीत होतो तो मालक, म्हणाला होता, बंदर बंद पडलं तर तुम्ही सगळे खलास, चालू लागा. मला हिंदी बातम्या हव्या होत्या. तिच्या हातातून रेडिओ घेतला आणि काटा फिरवला.

ती म्हणाली, “थांब. आमच्या गावाचं नाव घेतलं.”

मी म्हटलं, “मरू दे तुझं गाव. इथे आपली भाकरी चाललीय.”

बातम्यांत बंदराचं काही नव्हतंच. काटा परत आणला तोवर तिकडे गाणं लागलं होतं.

ती भांडली असती तर बरं झालं असतं. पुढे तिथलं सरकारही पडलं. आम्ही पत्रं टाकली, उत्तर आलं नाही. बादशहाची कबर कुणाला सापडत नाही, यासिनला कोण शोधतो, एवढंच एकदा म्हणाली. वर्षभराने बातमी आली, महालातच फरशीखाली त्या बादशहाची हाडं मिळाली. फातुमा अनवाणी बंदराच्या फाटकापर्यंत आली होती. “बादशहा सापडला,” म्हणाली. “आता मी ऐकतो.”

गावी कायमचे आलो तेव्हा तो रेडिओही आणला. ते स्टेशन केव्हाच बंद पडलेलं. नुसती खरखर. तरी दर शुक्रवारी दुपारी ती बसायची. मी शेजारी बसलो नाही कधी. छाती झाली नाही.

आता बसतो. काटा तिने ठेवला तिथेच आहे, त्याला हात लावत नाही. खरखरीत मधेच कुणी नाव घेतल्यासारखं वाटतं... मी पुढे वाकतो, तोवर गेलेलं असतं. शेजारीण दारातून विचारते, चाचा, नुसत्या खरखरीपाशी काय करताय?

“मी ऐकतो,” म्हणतो.

वाक्य तिचंच. माझ्या तोंडी ते बरोबर असतं, म्हणून कुणी हसत नाही.