झाकणावरचा दगड

ऑपरेशन संपून पेशंट बाहेर गेला, की सिस्टर लांब चिमटा घेऊन बादल्यांपाशी यायच्या. काठावर टक् टक् करायच्या आणि आतल्या एखाद्या वस्तूवर चिमटा रोखून विचारायच्या, "हे कुणाचं?"

श्रीरामपूरच्या ज्या दवाखान्यात मी वॉर्डबॉय होतो, तिथल्या त्या थिएटर-सिस्टर. सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. आता रंगीत पिशव्या असतात म्हणे; आमच्याकडे पत्र्याच्या बादल्या. रक्ताची कापडं एकीत, ती उकळून पुन्हा वापरायची. पाती आणि मोडक्या सुया दूध-पावडरच्या डब्यात. माणसाच्या अंगातून काढलेलं जे असेल ते झाकणाच्या पातेल्यात, आणि झाकणावर दगड. कापडाला उत्तर द्यायचं, "धोब्याचं." पात्याला, "डब्याचं." पातेल्यातल्या वस्तूला मात्र पेशंटचं नाव घ्यावं लागे. नुसतं "हाड" म्हटलेलं त्यांना चालत नसे.

एकदा मोठ्या डॉक्टरांनी रक्ताचा बोळा पात्यांच्या डब्यात टाकला.

"साहेब, हे कुणाचं?"

एवढा मोठा माणूस, पण मुकाट्यानं बोळा उचलून म्हणाला, "धोब्याचं, सिस्टर."

माझं नवीन लग्न झालेलं, त्यात कामाचा आळस. "अहो जावईबापू, हात चालवा," त्या म्हणायच्या. "सासुरवाडीला आलाय का?"

खुब्यातला मोडका गोळा काढून स्टीलचा बसवायचं ऑपरेशन तेव्हा आमच्याकडे क्वचितच व्हायचं. स्टीलचा गोळा मुंबईहून मागवावा लागे. देवळाली प्रवऱ्याची एक म्हातारी उसाच्या बांधावरून पडली, तिचं असं ऑपरेशन झालं. टेबलावरून उतरवताना तिनं सिस्टरांचा हात धरला.

"बाई, माजं हाड फेकू नगा. सकाळी लेक यील, नदीला सोडंल."

"ठेवते आजी. शब्द देते."

सिस्टरांनी हाड बँडेजच्या जाळीत गुंडाळलं, पातेल्यात ठेवलं आणि पातेलं माझ्या हातात दिलं. मागच्या खोलीत ठेवायचं, वर दगड, दाराला कुलूप. त्या दिवशी मैदानावर कुस्त्या होत्या आणि शेवटची जोड लागायची वेळ झालेली. खोलीची किल्ली आणायला पार पुढच्या इमारतीत जावं लागे. मी पातेलं मागच्या पायरीवर टेकवलं, झाकण घातलं. दगड तिथंच, हाताच्या अंतरावर होता. आल्यावर सगळं नीट ठेवू, म्हटलं, आणि पळालो.

परत आलो तेव्हा झाकण पायरीखाली उलटं पडलं होतं आणि पातेलं रिकामं. मी झाकण उचललं, पातेल्यावर ठेवलं, पातेलं खोलीत नेलं. घरी जाऊन जेवलोसुद्धा.

सकाळी भाजीबाजारात एक कुत्रं जाळीची गुंडाळी ओढताना लोकांनी पाहिलं. म्हातारीचा मुलगा नदीला जायचं म्हणून नवं फडकं घेऊन आला होता. तो मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत ओरडत होता, "माज्या आईचं हाड कुत्र्याफुडं टाकता व्हय?"

आम्हा थिएटरच्या सगळ्यांना बोलावलं. टेबलावर ते पातेलं. मी तेव्हा टेम्पररी होतो. कायम होण्याची ऑर्डर यायची होती. पातेलं कुणाच्या हातात दिलं, हे सिस्टरांना चांगलं ठाऊक होतं. त्या पुढे झाल्या, झाकणावर बोटानं टक् टक् केलं.

"हे कुणाचं?"

माझं नाव घेतलं नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही. थांबल्या मात्र बराच वेळ. मी माझ्या चपलेचा तुटका अंगठा बघत राहिलो.

"माझं," त्या म्हणाल्या. "पातेलं माझ्या ताब्यात होतं."

थिएटर त्यांच्याकडून काढून घेतलं. बाह्यरुग्ण विभागात बँडेज गुंडाळायला बसवलं. म्हातारीला कळलं तेव्हा आधी हसली. "कुत्र्यानं न्हेलं? आता त्याचा पाय दुकंल बग." मग सिस्टर भेटायला गेल्या, तेव्हा हसली नाही. "तुमी शबूद दिल्ता, बाई," एवढंच म्हणाली. मी औषधाचा ट्रे धरून शेजारीच उभा होतो.

मी कायम झालो. सिस्टर मला कधी टोचून बोलल्या नाहीत. फक्त त्या दिवसापासून मला नावानं हाक मारू लागल्या.

मध्यंतरी दवाखान्याची स्मरणिका हाती आली. तीत त्यांच्याबद्दल एक ओळ आहे: हलगर्जीपणामुळे थिएटरमधून हलवलेल्या. तुमच्यापैकी ज्यांनी तिथं काम केलं, ते अजूनही ही गोष्ट तशीच सांगतात. सिस्टर आता नाहीत, म्हणून माझ्याकडून ऐका. दगड मी ठेवला नव्हता.

त्या नोकरी सोडून भावाकडे निघाल्या, तेव्हा त्यांची ट्रंक मी स्टेशनवर नेली. रस्ताभर बोलायचं ठरवत होतो. गाडी आली, त्या खिडकीशी बसल्या. फलाटाच्या बाकावर भाकरीचं एक गाठोडं राहिलेलं त्यांना दिसलं.

"अरे, हे कुणाचं?"

"तुमचंच, सिस्टर," मी म्हणालो आणि धावत जाऊन ते खिडकीतून आत दिलं. दुसऱ्याचं असलं की मला लगेच सांगता येत होतं.