पाय धुवायचं पाणी

मामांच्या दहाव्याला नदीवर डोकी भादरून झाली आणि आम्ही आंघोळीला उतरलो. पाणी गुडघ्याखालीच होतं. टमरेलाने अंगावर घेत होतो, तेवढ्यात मागून एक म्हातारा म्हणाला, "घ्या रं दाबून. गेलेला काय म्हनायचा? खूप हाय!"

चारपाच जण हसले. वाईट मनाने नव्हे. गावात मामांना कित्येक वर्षं ह्याच दोन शब्दांनी चिडवत. दुकानावर गेले की, "काय, खूप हाय ना?" लग्नात वाढायला उभे राहिले की, "ह्याला वाढू देऊ नका, सगलं संपवील." मामा मान खाली घालून हसायचे.

मीही हसलो. ते आधी लिहून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यामुळेच लिहायला बसलोय.

हे शब्द मामांना चिकटले तेव्हा मी तालुक्याला पाणीटंचाईच्या टेबलावर कारकून होतो आणि राहायला नवीन पनवेलला. त्या वर्षी पावसाने श्रावण अर्ध्यावर सोडला तो पुन्हा आलाच नाही. भात पोटरीत होतं. लोंब्या बाहेर पडल्या, पण दाणा भरला नाही. हातात चुरल्या तर नुसतं तूस उडायचं. जमिनीत ओल राहिली नाही, म्हणून मागून टाकलेला वाल उगवला तसा करपला. एवढं होऊनही पिकाची आणेवारी निम्म्याच्या वर लागली, म्हणजे कागदावर दुष्काळ नाहीच. कोकणात कसला दुष्काळ, दुष्काळ म्हणजे मराठवाडा, असं ऑफिसात सगळे म्हणत. मीसुद्धा म्हणे, चहा पिताना.

शिमग्यानंतर विहिरी आटायला लागल्या आणि टँकरचे अर्ज येऊ लागले. अर्ज आला की साहेबांनी जीप घेऊन पाहणीला जायचं, सोबत मी. एक दंडक होता: गावाला आधी कळवायचं नाही. कळवलं की लोक विहिरी उपसून ठेवतात, हंडे लपवतात, असा वरचा समज होता.

अर्जांत मामांचं गावही होतं. डोंगराच्या पायथ्याशी चाळीसएक घरं, सगळी भातशेतीवाली. माझ्या आईचं माहेर. आमच्यात भाचा आला की मामाने त्याचे पाय धुवायचे, मग तो केवढाही असो. मी चड्डीत होतो तेव्हापासून मामा माझ्या पायांवर तांब्या ओतत आलेले.

आदल्या दिवशी आम्ही दुसऱ्या एका गावात होतो. तिथे कुणी ओट्यावर बोलावलं नाही, पाणी विचारलं नाही. विचारणार तरी कुठून? पण परतताना साहेब जीपमध्ये घुश्श्यात होते. "माणुसकी म्हणून काही असते की नाही? घोटभर पाणी नाही विचारलं. उद्या तुमचं आजोळ ना? बघू, कसं काय आहे ते."

ते 'बघू' मला लागलं. साहेब माझ्या आजोळच्या माणसांना अडाणी म्हणतील, ह्याची मला आधीच लाज वाटायला लागली. घरी गेलो आणि मामांना फोन केला.

"मामा, उद्या साहेबांना घेऊन येतोय. जरा नीट असू दे. आजच्या गावात पाणीसुद्धा विचारलं नाही कुणी, साहेब चिडलेत."

मामा म्हणाले, "बरं. भाचा येतोय म्हंजे काय! तू नको काळजी करू."

सकाळी जीप गावात शिरली तेव्हा रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. आंब्यांना मोहोर आला होता, पण तो खाली गळून काळा पडलेला. गोठे उघडे. ज्यांची जनावरं शिल्लक होती त्यांनी ती पाण्याच्या गावांना नातेवाइकांकडे हाकलली होती, बाकीच्यांनी विकली होती. कुठूनतरी मधमाश्यांचा आवाज येत होता. मामांच्या ओट्यावर गेल्यावर कळलं. कोपऱ्यात दोन हंडे भरून ठेवलेले, आणि त्यांच्या ओल्या बुडाशी माश्यांचं मोहोळच्या मोहोळ लटकलेलं.

मामा धोतर नेसून उभे होते. त्यांनी आधी साहेबांच्या पायांवर तांब्या ओतला, मग माझ्या. पाणी गढूळ होतं, पण गार. ओट्याखालची माती ते बघता बघता प्यायली. कोंबड्या धावत आल्या आणि तो ओला डाग टोचायला लागल्या. माश्या हंड्यावरून उठून साहेबांच्या घोट्यांवर बसल्या. साहेबांनी पाय झटकले. समोरच्या घरांच्या दारांत बायका उभ्या होत्या. त्यांच्यातली एकही आमच्या तोंडाकडे बघत नव्हती. सगळ्या त्या डागाकडे बघत होत्या.

मामी तांब्या-भांडं घेऊन आली. हे पाणी गाळलेलं होतं. साहेब एक भांडं प्यायले, छान आहे म्हणाले. मामा पुढे वाकले.

"अजून घ्या ना, साहेब."

"नको, नको. राहू द्या तुम्हाला."

"अवो घ्या. खूप हाय."

ज्याच्या घरी पाहुणा आलाय तो दुसरं काय म्हणणार? जेवताना टोपलीत एक भाकरी उरलेली असते तेव्हाही हेच म्हणतात. मला ते कळत होतं. साहेबांनी मात्र भांडं खाली ठेवलं आणि माझ्याकडे एकदा बघितलं.

मग विहीर. तळाला चिखल, त्यावर वाटीने खरवडल्याच्या ताज्या खुणा. मामीने मघाशी भांडं हातात देताना पुटपुटल्यासारखं सांगितलं होतं, की रात्री बायका आळीपाळीने खाली उतरल्या होत्या, चाळीस घरांचं मिळून ते दोन हंडे झाले होते. साहेब काठावरून मागे आले, मला जीपच्या आडोशाला घेतलं.

"विहीर तर कोरडी आहे. मग घरात पाय धुवायला पाणी कुठलं? दुसरा सोर्स आहे ह्यांना?"

सरळ प्रश्न होता. साहेब काही दुष्ट नव्हते. मी म्हटलं असतं की साहेब, रात्री वाटीने गोळा केलंय, मी फोन केला होता म्हणून, तर त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या आणि टँकर मंजूर केला असता. पण फोन केल्याचं सांगावं लागलं असतं. मी अजून कायम व्हायचा होतो.

"वर डोंगरात झरा आहे, साहेब," मी म्हटलं. "उंबराखाली. बारमाही."

"मग झालं तर. चालत किती?"

"फार नाही."

झरा होता, हे खोटं नव्हे. सुट्टीत मामा मला खांद्यावर घेऊन तिथे नेत, ओंजळीने प्यायला लावत. पण ह्या वर्षी तो थंडीतच आटला होता. मामांनीच मला सांगितलं होतं, संक्रांतीला तिळगूळ घेऊन आले तेव्हा. म्हणाले होते, "उंबराखाली पयल्यांदा धूळ बघितली."

टँकर नामंजूर झाला. गावाने त्याचा अर्थ सरळ लावला: मामा 'खूप हाय' म्हणाले, म्हणून. ओट्यावर जे बोललं गेलं ते सगळ्या दारांनी ऐकलं होतं. जीपच्या आड जे बोललं गेलं ते कुणी ऐकलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी मोटरसायकलला दोन कॅन बांधून पाणी घेऊन गेलो. वाटलं, तेवढंच. मामीने कॅन उतरवून घेतले नाहीत.

"बाला, हे एका घराचं झालं."

"तुमच्यासाठीच आणलंय, मामी."

"तेच तर. आदीच लोक बोलतात आमाला. आता आमी दार लावून पानी पिवायचं? मंग सकाली कुनाच्या तोंडाकडं बघायचं?"

मी कॅन ओट्यावर तसेच ठेवून निघालो. वळणावर मागे बघितलं तर मामी वाटी घेऊन शेजारच्या दारात उभी होती. परत मी गेलो नाही. काम आहे, ऊन आहे, असं आईला सांगत राहिलो.

वैशाखात गाव रिकामं व्हायला लागलं. कोणी वीटभट्टीवर, कोणी बिल्डिंगच्या कामावर. आई म्हणाली, मामा ओवे गावाजवळ साइटवर आहेत, एकदा बघून ये. तिकडे तेव्हा टॉवरच टॉवर उठत होते. मी गेलो तेव्हा दुपार टळटळीत होती. तिसऱ्या मजल्याच्या स्लॅबवर मामा हातात पाइप धरून उभे होते आणि ओल्या पोत्यांवर पाणी मारत होते. सिमेंट सुकून तडकू नये म्हणून दिवसभर तेच काम. खाली टँकर उभा होता, पाठोपाठ दुसरा येत होता.

"भाचेबुवा!" मामा ओरडले. "या, या. बघा, सिमेटाला केवढी तहान लागते. आपल्या भातालाबी एवढी नाय लागत."

मी वर गेलो. "राब भाजलात का?" असं काहीतरी विचारलं. भाताची रोपं करायची ती जागा पावसाआधी भाजून ठेवावी लागते.

"कोन भाजनार? बियानं पन खाल्लं आमी." मग हसले. "बैल गेले. पाऊस येईल तेवा बघू."

त्यांनी माझ्या चपलांकडे बघितलं. पाइप वळवला आणि माझ्या पायांवर धरला. स्वच्छ, गार पाणी. खालून मुकादम ओरडला, "ओ काका! टँकरचं पाणी आहे ते, फुकट नाही येत!"

"भाचा आलाय माझा!" मामांनी उलट ओरडून सांगितलं आणि धार तशीच धरून ठेवली.

तेव्हा मी म्हणालो, "मामा, त्या दिवशी साहेबांना—"

"ठाऊक हाय." त्यांनी मान वर केली नाही. "ग्रामपंचायतीत गेलो तेवा मला एकट्याला कागद वाचून दाखवला. वर झरा हाय म्हनून टँकर नाय. साहेब काय डोंगरात गेला नव्हता. झरा ठाऊक असनारा जीपमदी एकच मानूस होता."

मी पाय मागे घेतले नाहीत. घ्यायला हवे होते की नको, मला अजून ठरवता येत नाही.

"गावात कुनाला बोलू नको," ते म्हणाले. "तुझी नोकरी जाईल. माझं काय, हसतात नि सोडून देतात."

मी ते ऐकलं, कारण ते मला सोयीचं होतं. नोकरी कायम झाली. त्या वर्षी मामांचं शेत पड राहिलं. गावातली बरीच राहिली. पुढच्या उन्हाळ्यात पांढऱ्या गाडीतून जमिनीचे दलाल फिरू लागले, आणि पड शेतं विकायला माणसाला फार समजवावं लागत नाही. आज तिथे कुंपणं आहेत. मामा शेवटपर्यंत साइटवर पाणी मारत होते.

आणि परवा नदीवर त्यांच्या दहाव्याला लोक हसले, तेव्हा मीही हसलो. गुडघ्याखालच्या पाण्यात उभा राहून, टमरेल हातात घेऊन. मामांना जाऊन दहाच दिवस झाले होते आणि मी त्यांचं सांगणं अजून पाळत होतो.

आता नाही पाळणार. त्या गावातलं कुणी हे वाचत असेल तर एवढंच: पाणी मामांच्या बोलण्याने गेलं नाही. झरा आटलेला होता, आणि ते मला ठाऊक होतं.