वीरचक्र न कोरलेली पाटी

माझे पती गफूर लातूरच्या गोलाई बाजारात भांड्यांवर नावे घालतात. लग्नातली भांडी असोत किंवा मृताच्या स्मरणार्थ वाटायचे तांबे असोत, छिन्नीने एकेक अक्षर ठोकण्यात त्यांचे आयुष्य गेले. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर ढिगाऱ्यातून निघालेली भांडी ज्याची त्याला मिळावीत म्हणून लोक त्यांना गावोगाव नेत असत. चेमटलेल्या भांड्यावर बोट फिरवून ते नाव वाचीत व मोठ्याने पुकारीत. पुष्कळदा ओ देणारे कोणीच नसे. तेव्हापासून कोणाचेही नाव चुकलेले त्यांना सहन होत नाही.

दोन हजार बारा साली लातुरात गल्लोगल्ली शिकवणीचे क्लास निघाले होते. अशाच एका क्लासचे चालक सिद्धेश्वर सर तांब्याची कोरी पाटी घेऊन त्यांच्याकडे आले. नव्या सभागृहाला ते जवान शेषेराव यांचे नाव देणार होते. मजकूर त्यांनी इंटरनेटवरून उतरवला होता : वीरचक्र विजेते, १९६५च्या युद्धात हुतात्मा. शेषेरावांच्या पत्नी केवळाबाई यांचा रविवारी सत्कार व्हायचा होता.

पासष्ट हे साल पाहून माझे पती थांबले. "सर, ह्यांच्या नावाचे तांबे म्याच केलेत. साल एकाहत्तर होतं. भूकंपात त्यातला एक पुन्हा माझ्याच हाताला लागला."

"मग साल बदला की."

"साल चुकलं, तर चक्राचं काय?"

सर हसले. "गफूरभाई, सगळी दुनिया वाचायलीय नेटवरचं ते पान. तुम्ही ठोका. पेपर तपासायला माझ्याकडं मास्तर हायेत."

त्या दिवसापासून त्यांना चैन पडेना. जेवायला बसत आणि अर्ध्यातून उठत. मी म्हटले, "आन् खरं असलं तर? उगा एका जवानाचा मान कापताल."

"म्हणूनच जीव लागंना. घातलं आन् खोटं निघालं, तर त्या बाईला लोक हसतील. न्हाई घातलं आन् खरं असलं, तर म्या मेलेल्याचं चोरलं."

अखेर ते जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात गेले. तेथील कारकुनाने नीट शोधून सांगितले, "चाचा, एकाहत्तरच्या हुतात्म्यांत नाव हाय. आपल्या जिल्ह्याच्या वीरचक्राच्या यादीत न्हाई."

आता हे केवळाबाईंना सांगणे आले. आम्ही दोघे त्यांच्या पुनर्वसित गावी गेलो. सत्कारात नेसायचे लुगडे त्यांनी खाटेवर काढून ठेवले होते. माझ्या पतींनी चहा घेतला, पावसाची चौकशी केली, पुन्हा पावसाचीच चौकशी केली.

"गफूरदादा, पाऊस इचारायला आलाव का येवढ्या लांब?" त्या म्हणाल्या.

तेव्हा त्यांनी मान खाली घालून सारे सांगितले. केवळाबाई बराच वेळ लुगड्याची घडी नीट करीत राहिल्या.

"क्लासवाले सांगत आले तवा मला बी नवंच वाटलं. म्हणलं, चाळीस वर्सं सरकार सांगायचं इसरलं असंल. लई बरं वाटलं हुतं, दादा."

"वैनी, तुम्ही म्हणाल तसं करतो. घाल म्हणाल तर डोळे मिटून घालतो."

"नगं. ते पासष्ट साल ह्याच नावाच्या दुसऱ्या कुनाचं तरी असंलच की. चक्र बी त्याचंच असंल. त्याची बायको कुठं तरी बसली असंल माझ्यावाणी. तिचं कसं घेऊ?"

माझ्या पतींनी सरांना हे सांगून वीरचक्र कोरायला नकार दिला, पण सरांनी ऐकले नाही. पत्रिका वाटून झाल्या होत्या. त्यांनी दुसरीकडून छापील फलक करून घेतला, त्यावर वीरचक्र होते. केवळाबाई मात्र रविवारी घराबाहेर पडल्या नाहीत.

माझ्या पतींची तगमग तेवढ्याने थांबली नाही. देगलूरचे, नायगावचे, कुठलेही गिऱ्हाईक आले की नाव घालता घालता ते हातोडी थांबवतात आणि विचारतात, "तुमच्या भागात शेषेराव नावाचा कोणी जवान हुता का? पासष्टात गेलेला?"