जावई पुण्याला असतात

मुरुमला बदली झाली तेव्हा नवऱ्याचं घर सोडून मला वर्ष होत आलं होतं. नोकरी सरकारी दवाखान्यात सिस्टरची, त्यात रात्रपाळी. खोली मिळायला त्रास होणार हे ठाऊक होतं. पहिल्या घरी म्हणाले, "आम्ही फॅमिलीलाच देतो." दुसऱ्या घरातल्या बाईनं आधी माझ्या गळ्याकडं बघितलं, मग म्हणाली, "खोली कालच गेली की." बाहेर 'भाड्याने देणे आहे'ची पाटी तशीच लटकत होती.

सोबत आप्पा होते, माझे वडील. त्यांचं सगळं आयुष्य तामलवाडीच्या माळावर मेंढरं राखण्यात गेलं. गावात कुणाचं मेंढरू चुकलं आणि आप्पा म्हणाले, "माझ्यात न्हाय," तर कुणी त्यांचा कळप बघायलाही येत नसे.

तिसरं घर चांगलं होतं. मागच्या बाजूला स्वतंत्र खोली, मोरी आत, अंगणात नळ. घरमालकीण काकूंनी चहा दिला आणि सहज विचारलं, "मिस्टर कुठं असतात?"

मी तोंड उघडायच्या आत आप्पा बोलले, "जावई पुण्याला असत्यात. कंपनीत. सुट्टी लई कमी मिळती."

बोलताना ते खाली फरशीकडं बघत होते. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मी कपातला चहा संपवला. काकूंनी खोलीची चावी माझ्या हातात दिली.

स्टँडवर एसटी लागली तेव्हा आप्पा एवढंच म्हणाले, "रातची ड्युटी करून तू कुटं फिरणार व्हतीस?" आणि माझ्याकडं न बघता चढले.

काकू वाईट असत्या तर बरं झालं असतं. मी रात्रपाळीहून आले की त्या अंगणात मुलांना दंगा करू देत नसत. गरम भाकरीवर पिठलं घालून आणून देत. प्रत्येक सणाला विचारत, "येणारेत का ह्या वेळेला?" मी सांगायची, रजा नाही मिळाली. पुढं पुढं हे इतकं सहज तोंडातून यायला लागलं, की माझीच मला किळस यायची. आप्पा ज्वारीचं पीठ घेऊन यायचे, पण उंबऱ्यापाशी पिशवी टेकवून, उभ्याउभ्या पाणी पिऊन निघायचे. काकूंनी काही विचारलं तर काय सांगायचं, याची त्यांना धास्ती असायची.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा आप्पांनी पिठाच्या पिशवीत एक शर्ट घालून आणला. फिक्या निळ्या रंगाचा, माझ्या लग्नात त्यांनी स्वतःला शिवून घेतलेला.

"मधनंमधनं धुऊन वाळत घालीत जा," ते हळूच म्हणाले. "बघणाऱ्याला वाटतं, माणूस येऊन गेलं."

मला त्यांच्या अंगावर ओरडावंसं वाटलं. पण ते शर्टाच्या घड्या इतक्या जपून नीट करत होते, की मी तो घेऊन आत ठेवला. रविवारी मी तो शर्ट धुतला आणि दोरीवर घातला.

दुपारी वारं सुटलं. मी झोपले होते. काकूंनी कपडे काढून घड्या घातल्या आणि दार वाजवलं. शर्ट सगळ्यात वर होता.

"हा तुमच्या वडिलांचा ना?" त्या म्हणाल्या. "खोली बघायला आले तेव्हा हाच होता अंगात. खिशाला तंबाखूचे डाग आहेत बघा."

त्यांना कसलाही संशय नव्हता. "हो, विसरून गेलेत," एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण त्या शर्टावरून आणखी एक खोटं बोलायला माझी जीभ वळेना. मी दारातच त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी कपडे माझ्या हातात दिले. मग म्हणाल्या, "ह्यांना विचारते."

दोन दिवसांनी काका आले. ते दारातच उभे राहिले. "पोरीचं बघायचं चालू आहे आमच्या. माणसं येतात-जातात. मनाला लावून घेऊ नका." मी मान हलवली. सामान बांधताना काकूंनी मला वर्तमानपत्रात भांडी गुंडाळून दिली. आम्ही दोघी एकमेकींकडं बघत नव्हतो.

पुन्हा आप्पांना घेऊन घरं बघायला निघाले. पेठेमागं एका म्हाताऱ्या मुसलमान चाचांचं घर होतं. त्यांचं कापडाचं दुकान आता मुलगा बघत होता. चाचांनी विचारलं, "घरात कोण कोण?"

आप्पांनी घसा खाकरला. "जावई—"

"मी एकटीच आहे," मी मधेच म्हणाले. "नवऱ्याला सोडलंय. कोर्टात चालू आहे."

आप्पांनी मान खाली घातली. भर रस्त्यात त्यांच्या डोक्यावरचा पटका मीच काढून घेतलाय, असं मला वाटलं. चाचा म्हणाले, "पाणी चार दिवसांनी येतं, बेटी. टाकी भरून ठेवावी लागेल." आणि आतून किल्ली आणायला गेले.

मी अजून त्याच घरात राहते. परवा आप्पा आले होते. ते आणि चाचा बाहेर ओट्यावर शेळ्यांच्या भावाचं बोलत बसले होते. शेजारचा कुणी माणूस येऊन टेकला आणि त्यानं विचारलं, "मामा, इथं कुणाकडं?"

आत मी पीठ मळत होते. माझे हात थांबले.

"लेक हाय इथं," आप्पा म्हणाले. मग आवाज एकदम खाली आणून, "एकलीच ऱ्हाती."

ते खरं बोलले होते. पण त्यांचा तो खाली गेलेला आवाज ऐकून, पिठात हात तसेच ठेवून मी कितीतरी वेळ बसून राहिले.