नवरी माझ्या गाडीत

मुंबईहून आमच्या आंबेगाव तालुक्यात यायला दोन वाटा. एक एक्स्प्रेस वेनं, तळेगाव-चाकण करत मंचरकडं. दुसरी कल्याणवरून माळशेज घाट चढून, आळेफाटा-नारायणगाव करत कळंबला. वाशीच्या मार्केटला भाजी नेऊन नेऊन मला दोन्ही वाटांचे खड्डे पाठ झालेत. आधी दुसऱ्याच्या टेम्पोत पोत्यांवर बसून, मग स्वतःच्या टेम्पोत, आता कारमध्ये. तरी धाकट्या भाचीच्या लग्नाला कसं जायचं, याचा मी महिनाभर विचार केला. कारण थोरलीच्या लग्नात मला फसवलं होतं.

ते लग्न पुण्यात होतं. आमचे दाजी, म्हणजे बहिणीचे यजमान, मूळचे कळंबचे, पण मुंबईला नोकरीत. "कारमध्ये जागा नाही पाहुणे, तुम्ही वऱ्हाडाच्या बसने या," म्हणाले. बस पोचली तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. आमच्याकडं मंगलाष्टकं चालू असताना नवरीच्या पाठीमागं मामा उभा राहतो. त्या दिवशी तिथं दाजींचे साहेब उभे राहिले होते. माझ्यासाठी आणलेला फेटा त्यांच्या डोक्यावर होता. मी न जेवता निघालो. बहिणीनं हात धरला, तोही झटकला.

या वेळी मी साधा विचार केला. नवरी पोचल्याशिवाय लग्न लागत नाही. तेव्हा नवरी माझ्याच गाडीत पाहिजे. दाजींना म्हणालो, "नवरीची गाडी मामाकडून, फुलांसकट." फुकटचं म्हटल्यावर दाजी लगेच हो म्हणाले. ते स्वतः ऑफिसातल्या साहेब लोकांना घेऊन एसी बसनं येणार होते.

हळदीला मी मुंबईत होतो. म्हणालो, "दाजी, लगीन कळंबला हाय. बस माळशेजनं घ्या. चाकणला गाड्या हलत न्हाईत."

"साहेबांना घाटातले हेलकावे खायला लावू? तुम्ही जा तुमच्या रानातून!"

साहेब लोक हसले. मी एकदा सांगितलं होतं. दुसऱ्यांदा सांगायला मी बांधलेला नव्हतो. सकाळी बसच्या ड्रायव्हरनं विचारलं, "मामा, कुठनं बरं पडंल?" म्हणालो, "मालकाला विचार." आणि बहिणीला नि भाचीला गाडीत घालून घाटाकडं सुटलो.

आम्ही वेळेत पोचलो. बस चाकणला अडकली. मांडवात पाहुणे खोळंबले, भटजी घड्याळ दाखवायला लागले. दाजींचे थोरले भाऊ म्हणाले, "मुहूर्त टळाया नको. कन्यादान मी करतो." मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. नवरी मीच आणली होती ना!

भाची म्हणाली, "मामा, पप्पांना येऊ द्या ना."

मी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"कुठं हाय दाजी?"

"चाकणच्या चौकात. इंचभर हलत नाही. आलोच."

"लोकं भुकेली हायेत. तुमचे भाऊ तयार हायेत उभं ऱ्हायला. मी कुणासाठी थांबू, ते सांगा."

पलीकडं नुसते हॉर्न.

"माझ्यासाठी थांबा."

"ऐकाया नाय आलं."

"मामा, हात जोडतो, थांबा! माज्या पोरीचं कन्यादान हाय, राव!"

इतक्या वर्षांनी दाजींच्या तोंडून कळंबची बोली बाहेर पडली. सगळ्या मांडवानं ऐकली. बहिणीनं तोंड फिरवलं. भाचीनं माझ्या हातातून फोन घेऊन बंद केला. मी भटजींना म्हणालो, "थांबायचं. पुढचा मुहूर्त काढा." साध्या चार शब्दांत मला एवढं सुख कधी मिळालं नव्हतं.

दाजी आले ते कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून, घामानं भिजलेले. साहेब बसमध्येच राहिले होते. माझ्याकडं न बघता ते पाटाकडं गेले.

फेटा बांधून मी भाचीच्या पाठीमागं उभा राहिलो. मंगलाष्टकं सुरू झाली तसा तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं खांदा जरा पुढं घेतला. मी हात काढला नाही. शेवटची अक्षता पडेपर्यंत तसाच ठेवला.